घरपट्टीच्या बिलात आपण कुठं?

या अंकात कविता कमी आहेत आणि हिशेब जास्त आहे. काहींना ते खटकेल. संपादकीयात आग पाहिजे, आणि हा साला बिलं काय वाचत बसलाय, असं म्हणाल. म्हणा. पण आधी ऐकून घ्या.

मी गोदीत हमाली करतो, ठेकेदाराच्या टोळीत. महिन्याचे तीसही दिवस काम लागत नाही. खाडा पडला की घरसामान हलवणाऱ्या टेम्पोवर जातो. मागच्या उन्हाळ्यात असाच एका टॉवरमध्ये कपाट चढवायला गेलो होतो. लिफ्ट माणसांसाठी, सामानाला जिना. अकराव्या मजल्यावर कपाट टेकवलं आणि पाणी मागितलं. पाणी दिलं, खोटं कशाला बोलू. पण पाण्याबरोबर भाषणही पाजलं. राहतोस कुठं, म्हणून विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं. तर गृहस्थ म्हणाला, "तुमचं बरं आहे. टॅक्स आम्ही भरायचा आणि शहर तुम्ही वापरायचं."

मी गप्प बसलो. मजुरी हातात पडायची होती.

खाली आलो. वॉचमन आपल्यातलाच निघाला. जयभीम झाला. त्याला म्हटलं, भाऊ, ही माणसं टॅक्स टॅक्स म्हणतात तो नेमका कुठला? त्यानं रद्दीच्या गठ्ठ्यातून सोसायटीच्या घरपट्टीच्या जुन्या बिलाची झेरॉक्स काढून दिली. घडी करून खिशात घातली. मॅट्रिक झालेला माणूस आहे. बापानं पोती उचलून मला शाळेत घातलं ते निदान दुसऱ्याचं बिल तरी वाचता यावं म्हणून.

त्या रात्री खांबाच्या उजेडात ते बिल वाचलं. मग महिनाभर जिथं मिळेल तिथं त्याच्याविषयी वाचलं, कचेऱ्यांतून हिंडलो, दोन-तीन ठिकाणांहून हाकलूनही घेतलं. जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो. कारण 'तुम्ही फुकटे' ही शिवी आपल्याला रोज बसते, आणि आपल्याकडं तिचं उत्तर शिवीच असतं. शिवी द्यायला माझी हरकत नाही. पण शिवीच्या हातात हिशेबाची वही दिली तर ती जास्त लागते.

तर मुंबईच्या घरपट्टीच्या बिलात दहा ओळी असतात. सर्वसाधारण कर. जल कर. जल लाभ कर. मलनिःसारण कर. मलनिःसारण लाभ कर. महापालिका शिक्षण उपकर. राज्य शिक्षण उपकर. रोजगार हमी उपकर. वृक्ष उपकर. पथकर. एकेका ओळीत या शहराचा एकेक अवयव आहे. सर्वसाधारण कर म्हणजे सगळ्याचा गल्ला. दवाखाने, आगीचे बंब, कचऱ्याच्या गाड्या, नोकरांचे पगार त्यातून चालतात. जल आणि मलनिःसारण म्हणजे पाणी आणणं आणि घाण नेणं. पथकर रस्त्यांचा. राज्य शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर महापालिका फक्त गोळा करते आणि सरकारकडं भरते.

रोजगार हमीची ओळ वाचली आणि मी थांबलो. राहत्या घरांना हा उपकर नाही, तो ऑफिसं, दुकानं, कारखाने यांना आहे. रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. माझी आजी मराठवाड्यात रोजगार हमीच्या कामावर वर्षानुवर्षं खडी फोडत होती. तिच्या मजुरीत मुंबईतल्या ऑफिसांच्या पट्टीचाही पैसा होता, हे तिला कुणी सांगितलं नाही. मला तरी कुठं ठाऊक होतं? म्हणून आधीच सांगतो, हा लेख कराच्या विरोधात नाही. ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून घ्यायचं आणि ज्याच्याकडं नाही त्याच्यासाठी वापरायचं, यापेक्षा चांगली गोष्ट या व्यवस्थेत दुसरी कुठली आहे? माझा बाप आजारी पडला तेव्हा महापालिकेच्या दवाखान्यातच त्याला खाट मिळाली. मी महापालिकेच्याच शाळेत शिकलो. केईएम, नायर, सायन ही नावं आपल्या वस्तीत देवाच्या नावासारखी घेतात, आणि देवापेक्षा जास्त उपयोगी पडतात. म्हणूनच प्रश्न विचारायचा. हा कर मोजतात कसा, घेतात कुणाकडून, आणि कुठं कसा खर्च करायचा हे ठरवतं कोण?

आधी मोजायचं कसं ते. मुंबईची घरपट्टी 1888 च्या महापालिका कायद्यानं बसते. सव्वाशे वर्षं हिशेब भाड्यावर होता. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला रास्त भाडं किती येईल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. त्यावर टक्केवारीनं पट्टी. ऐकायला सरळ आहे. गोम पुढं आहे. 1947 साली भाडेनियंत्रण कायदा आला आणि 1940 सालच्या भाड्याला खुंटी मारली गेली. मग कोर्टांनी सांगितलं की कायद्यानं जेवढं भाडं घेता येतं त्याच्या वर पट्टीसाठी भाडं धरता येणार नाही. तेही बरोबरच. पण परिणाम बघा.

समजा, शहरातल्या जुन्या इमारतीत महिना साठ रुपये गोठलेलं भाडं. वर्षाचे 720. दहा टक्के वजा, राहिले 648. आणि समजा, उपनगरात नव्या बिल्डिंगीतली जागा, रास्त भाडं महिना तीन हजार. वर्षाचे 36,000, वजा जाता 32,400. दोन्हीकडं टक्केवारी तीच. म्हणजे उपनगरातल्या कारकुनानं समुद्रासमोरच्या शेठपेक्षा पन्नासपट भरायचं. या गोठलेल्या भाड्यानं गिरणगावातल्या चाळीतला आपला माणूस जगला हेही खरं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्याच कायद्याच्या सावलीत समुद्रकाठच्या दिवाणखान्यांनीही पाय पसरले. गरिबाच्या नावानं लावलेल्या झाडाखाली श्रीमंत झोपला.

हे बदलायचं म्हणून 2009 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्याचा हिशेब आला. म्हणजे भाडं सोडा, जागेची किंमत धरा. सरकारच्या रेडी रेकनरमध्ये त्या भागाचा चौरस मीटरचा दर असतो. दर गुणिले घराचं क्षेत्रफळ. समजा, दर एक लाख आणि घर साठ चौरस मीटर, तर साठ लाख. मग त्याला आणखी गुणक लागतात. घर राहण्याचं की धंद्याचं, बांधकाम पक्कं की कच्चं, इमारत किती जुनी, मजला कितवा. जुन्याला थोडं कमी, दुकानाला जास्त. जे मूल्य येईल त्यावर ठरलेल्या दरानं पट्टी. दर पाच वर्षांनी हे मूल्य नव्यानं काढायचं.

बरं वाटलं ना? मलाही वाटलं. पण या नव्या हिशेबाला जन्मतःच एक झाकण बसवलं होतं. नवी पट्टी कितीही निघो, राहत्या घराला जुन्या पट्टीच्या दुपटीवर जाऊ द्यायची नाही, धंद्याच्या जागेला तिपटीवर नाही. आता तुम्हीच सांगा, ज्याची पट्टी साठ वर्षं नाममात्र होती, ती दुप्पट झाली तरी नाममात्रच ना? जुना अन्याय पुसायला निघाले आणि जुन्या अन्यायालाच पायरी केलं. पुढं मोकळ्या जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकतं ते धरून कर लावण्याचे नियम होते. जमीनमालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. 2019 साली उच्च न्यायालयानं ते नियम रद्द केले आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम ठेवलं. कायद्याच्या दृष्टीनं निकाल बरोबर असेल. मी एवढंच म्हणतो, ज्याच्याकडं जमीन आहे त्याला बिल वाचता येतं, वकील लावता येतो, आणि बारा वर्षं थांबताही येतं.

आणि ही जी जागेची किंमत, जिच्यावर सगळा हिशेब उभा, ती आली कुठून? त्या गृहस्थानं अकराव्या मजल्यावर बसून ती तयार केली काय? गोदीच्या कडेकडेनं जाणारा पूर्व मुक्त मार्ग 2013 साली सुरू झाला. शिवडीहून न्हावाशेव्याला जाणारा अटल सेतू 2024 च्या जानेवारीत सुरू झाला. असले रस्ते आले की आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढतात. रस्ता बांधला सार्वजनिक पैशानं. खडी, सिमेंट, सळई उचलली आपल्या माणसांनी. भाव चढला तो मालकाच्या नावावर. आपल्या नावावर काय चढलं? धूळ. आणि भाव चढला की आपल्या झोपड्या डोळ्यात खुपायला लागतात, ती नोटीस.

हे आजचं नाही. 1896 साली प्लेग आला, 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्या चाळी झाल्या. परळच्या तसल्याच एका चाळीत बाबासाहेबांनी उमेदीची वर्षं काढली. नंतर 1920 च्या सुमाराला बीडीडी चाळींचं काम निघालं, तेव्हा पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागं एक रुपया जकात बसवली. गाठीवर कर बसला शेठच्या, पण गाठ ज्या पाठीवर होती ती पाठ कुणाची? त्या चाळींतून आपली चळवळ उठली. वरळी कुणाला विसरता येईल? त्याच वरळीत 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना नव्या इमारतीतल्या पाचशे चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांनी. मला आनंदच आहे.

पाचशे फुटांवरून आठवलं. मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना आधी 2019 साली सर्वसाधारण कर माफ झाला आणि 2022 च्या जानेवारीपासून सगळीच घरपट्टी माफ झाली. चाळकऱ्यांना, गिरणी कामगारांना दिलासा मिळाला. झालं ते चांगलंच झालं. पण आपल्यातले काही जण विचारतात, मग आपली शंभर-सव्वाशे फुटांची झोपडी तर पहिल्याच फटक्यात माफ, नाही का? नाय दोस्ता. माफी त्याला मिळते ज्याचं नाव वहीत आहे. आपलं नावच नाही तर माफ काय करणार?

आता मूळ शिवीकडं येतो. टॅक्स आम्ही भरतो, असं तो म्हणाला. बघू या कोण किती भरतं.

मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,000 कोटींच्या वर होता. त्यात महसुली उत्पन्नाचा अंदाज सुमारे 43,000 कोटी. आणि घरपट्टीचा अंदाज किती? 5,200 कोटी. म्हणजे रुपयात बारा पैसे. त्या बारा पैशांत बंगला, टॉवर, ऑफिस, मॉल, कारखाना सगळे आले. मग सगळ्यात मोठा वाटा कशाचा? जकात गेली त्याच्या भरपाईचा. 14,000 कोटींच्या वर. रुपयात तेहेतीस पैसे.

हे नीट समजून घ्या, इथंच सगळी मेख आहे. 1 जुलै 2017 पर्यंत मुंबईत येणाऱ्या मालावर जकात होती आणि महापालिकेचं ते सगळ्यात मोठं उत्पन्न होतं. जीएसटी आला, जकात गेली, आणि तिच्या बदल्यात सरकार महापालिकेला दरसाल भरपाई देतं. जकात कोण भरत होतं? ट्रकवाला नाक्यावर भरायचा, व्यापारी ती मालाच्या किमतीत टाकायचा, आणि शेवटी भरायची माझी आई, तेलाच्या बाटलीत, साबणाच्या वडीत, चपलेच्या जोडीत. आज ती जीएसटी भरते. झोपडीतल्या साबणावरचा कर टॉवरमधल्या साबणावरच्या कराएवढाच आहे. तिथं कुणी पाचशे फूट विचारत नाही. जात विचारत नाही. वस्ती अधिकृत की अनधिकृत तेही विचारत नाही. घेताना आपण नागरिक. देताना अतिक्रमण.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी फुकट्या म्हणाला तर त्याला शांतपणे सांगा, साहेब, तुमचे बारा पैसे, त्यातही तुमच्या घराचे किती ते बघा. या तेहेतीस पैशांत आम्ही सगळे आहोत.

आणि पाण्याचा हिशेब तर याहून हरामी आहे. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. यातल्या पुष्कळ तलावांचं पाणी ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी गावांच्या उशापायथ्यावरून नळात बसून मुंबईत येतं, ती गावं उन्हाळ्यात कोरडी राहतात, तो वेगळा लेख होईल. इथं महापालिकेचं माप असं की बिल्डिंगीतल्या माणसाला दिवसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्याला 45. म्हणजे माणूस एकतृतीयांश. पण तेही ज्याला नळ आहे त्याला. आमच्या गल्लीत नळ नाही. आम्ही चाळीस लिटरचा कॅन विकत घेतो. वीस रुपयांना, उन्हाळ्यात तीसला. पाच माणसांचं घर, दिवसाला चार कॅन. माणशी बत्तीस लिटर. वीसच्या भावानं धरलं तरी महिन्याला 2,400 रुपये. हजार लिटरला 500 रुपये पडले. महापालिकेचा घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आतला आहे. पन्नासपट भरतो आम्ही. आणि बिलात ओळ कुठली असते? 'जल लाभ कर'. लाभ कुणाचा, दोस्तांनो?

दुसरी ओळ, मलनिःसारण कर. घाण नेण्याची पट्टी टॉवर भरतो. घाण न्यायला उतरतो कोण? त्याच्या नावाची ओळ त्या बिलात नाही. हातानं मैला काढण्यावर बंदी 1993 साली आली, पुन्हा 2013 साली जास्त कडक कायदा आला, आणि गटारात गुदमरून माणसं मरायची थांबली नाहीत. मेलेल्यांची आडनावं वाचा, जात विचारायला लागत नाही. कचरा उचलणाऱ्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली सांगितलं, तेही संघटनेनं वर्षानुवर्षं झगडा दिला तेव्हा. म्हणजे कर गोळा करायचा कायमचा आणि काम करून घ्यायचं कंत्राटावर. घरपट्टी म्हणजे नुसता पैसा नाही. तिच्या ओळींच्या मागं आपलं अंग आहे, फुप्फुसं आहेत.

आता कुणी म्हणेल, या पट्टीचा आणि आपल्या चळवळीचा संबंध काय? महाडपासून संबंध आहे. 4 ऑगस्ट 1923 ला सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात जो ठराव मंजूर करून घेतला, त्याचे शब्द काय होते? सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. सार्वजनिक पैशातून! म्हणजे पट्टीतून. महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आपली माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले ते कुणाच्या दयेचं पाणी प्यायला नाही. जे सगळ्यांचं आहे त्यात आपण आहोत की नाही, हा सवाल टाकायला गेले. कोर्टकचेरी दहा वर्षं चालली आणि 1937 साली उच्च न्यायालयानं निकाल आपल्या बाजूनं दिला. आज तळ्याच्या जागी पाईप आहे. सवाल तोच आहे. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयालाच पुन्हा सांगावं लागलं की झोपडी बेकायदेशीर असली तरी आतल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही.

आणि त्याच्याही आधी जोतीरावांनी वाट दाखवली होती. 1876 ते 1882 ते पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. लाखांची मंडई बांधायचा घाट घातला गेला तेव्हा तो पैसा शिक्षणाला द्या म्हणून त्यांनी विरोध केला. पट्टीचा पैसा कुठं जावा हा प्रश्न आपल्या चळवळीइतकाच जुना आहे. आपणच तो सोडून दिला आणि नगरसेवकाच्या मंडपातल्या लाऊडस्पीकरवर खूष झालो.

मताचंही तसंच. 1872 साली मुंबईत निवडून दिलेले सभासद आले तेव्हा मत फक्त पट्टी भरणाऱ्यांना होतं. 1922 साली भाडेकऱ्याला मिळालं, पण महिना दहा रुपये भाडं देणाऱ्याला. त्या काळी आपल्या खोलीचं भाडं दहा रुपये कुठलं? 1928 साली सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांनी प्रत्येक प्रौढ माणसाला मत मागितलं. मुंबई महापालिकेत ते 1948 च्या निवडणुकीत मिळालं. आणि मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली ती निवडणूक न घेताच. पुढचे तीन अर्थसंकल्प प्रशासकानं मांडले आणि प्रशासकानंच मंजूर केले. त्यातल्याच एकात, 2025-26 च्या अर्थसंकल्पात, झोपडपट्टीतल्या दुकानांवर, धंद्यांवर मालमत्ता कर लावायचं मांडलं गेलं. अंदाज असा की सुमारे अडीच लाख झोपड्यांपैकी निदान पन्नास हजारांत धंदा चालतो, त्यातून 350 कोटी मिळतील. म्हणजे बघा, पूर्वी पट्टी नव्हती म्हणून मत नव्हतं. आता मत होतं तर सभागृह नव्हतं, आणि पट्टी मात्र दाराशी आली.

आमच्या गल्लीत एक मावशी आहे. नवरा गेला, दोन पोरी शिकतात. झोपडीच्या पुढच्या चार फुटांत ती संध्याकाळी वडे तळते. ही बातमी वस्तीत आली तेव्हा मला वाटलं ती घाबरेल. तर ती मला म्हणाली, "लेका, पट्टी भरली तर पावती मिळंल का? पावती असली तर झोपडी तोडणार नाहीत ना?"

दोस्तांनो, या प्रश्नानं माझी झोप उडवली. या शहरात आपण कागदावर जगतो. 1976 च्या गणनेचा फोटोपास, 1995 चा पुरावा, 2000 चा पुरावा, 2011 चा पुरावा. लोक पोराच्या जन्माचा दाखला हरवतील, पण विजेचं जुनं बिल प्लॅस्टिकमध्ये घालून पत्र्याखाली जपतील. मावशीला कर नको असं नाही. तिला कर पाहिजे. कारण करामागून पावती येते, आणि पावती म्हणजे आपण आहोत याचा पुरावा.

मला तिला खोटं सांगता येईना. कायदा सांगतो की अनधिकृत बांधकामाची पट्टी घेतली म्हणून ते बांधकाम अधिकृत होत नाही. म्हणजे पैसा घेऊ, पण हक्क देणार नाही. पैसा घेऊन हक्क न देणाऱ्याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते वस्तीतल्या पोरालाही माहीत आहे. हप्ता म्हणतात त्याला.

म्हणून या अंकातून आमची भूमिका मांडतो. आपल्यात दोन मतं आहेत. काही म्हणतात, एक पैसा देऊ नका. काही म्हणतात, मुकाट भरा आणि पावती जपा. मी दोघांशीही सहमत नाही. नुसतं 'देणार नाही' म्हणालो तर फुकटे ही शिवी आपणच खरी केली. मुकाट भरली तर जुन्या महारकीसारखं झालं, राबायचं पण गावात जागा मागायची नाही. आपलं म्हणणं तिसरं आहे. पट्टी घ्यायची तर दहाच्या दहा ओळींचा हिशेब आमच्या गल्लीत येऊन द्या. जल कर मागता, नळ कुठाय? मलनिःसारण कर मागता, गटार कुठाय, संडास किती माणसांमागं एक? शिक्षण उपकर मागता, जवळची शाळा कुठं गेली? पथकर मागता, आगीचा बंब आमच्या बोळात वळतो काय? जी ओळ पोहोचली तिची पट्टी आम्ही ऐपतीप्रमाणं भरू, मान ताठ ठेवून. आणि पावतीवर आमची जागा आणि आमचं नाव लिहून, ते नाव उद्या बुलडोझरपुढं चालेल असं कायद्यात घालून घेऊ. वडे तळणाऱ्या मावशीच्या चार फुटांना आणि मॉलच्या गाळ्याला एकाच मापानं मोजायचं नाही, हेही त्यात आलं.

हे कवितेनं होणार नाही. कविता मी लिहीतच राहीन, त्याशिवाय मला पोती उचलवत नाहीत. पण या महिन्यापासून दर रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात आम्ही बिल वाचायला बसणार आहोत. वही, पेन्सिल आणि मोजायची टेप घेऊन या. पहिलं काम, प्रत्येक गल्लीतली दुकानं, नळ, संडास, दिव्याचे खांब आपणच मोजायचे. त्यांची टेप यायच्या आधी आपली टेप फिरली पाहिजे. दुसरं काम, अर्थसंकल्पात आपल्या वॉर्डासाठी काय लिहिलंय ते काढायचं आणि फळ्यावर लिहायचं. तिसरं काम, तो फळा घेऊन वॉर्ड ऑफिसात जायचं आणि एकेका ओळीचा जबाब मागायचा. कॉलेजातल्या पोरांनी टाय लावून यावं, गोदीतल्यांनी आकडा खांद्याला लावून यावं. दोघांची गरज आहे.

मावशी येणार म्हणालीय. तिला अक्षरओळख नाही, पण वड्याच्या पिठाचा, तेलाचा, पाण्याच्या कॅनचा हिशेब ती तोंडी करते आणि एका पैशानं चुकत नाही. त्या अकराव्या मजल्यावरच्या गृहस्थालाही बोलवायचा विचार होता. पण त्याच्याकडून अजून कपाटाच्या मजुरीतले पन्नास रुपये येणं बाकी आहे. आधी ते येऊ देत.

जयभीम.